फॉर्म बारावीत, निर्णय अकरावीत

सांगलीत अकरावी कॉमर्सला प्रवेश घेणाऱ्या मुलांना खिडकीवर विचारतात, "मॅथ्स की एसपी?" मैत्रिणीने एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, घेतलं म्हणून, किंवा एसपीत मार्क पडतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून, उत्तर तिथल्या तिथे ठरतं. मी या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झाली, तेव्हापासून दिल्लीला जाऊ पाहणारी मुलं फॉर्म भरायला माझ्याजवळ बसतात. हुशार मुलाची जागा जाताना पाहिली, की मागे मागे जाऊन त्याचं मूळ बहुधा या खिडकीशीच सापडतं.

दुसऱ्या कॉलेजातली एक मुलगी निकालानंतर वडिलांना घेऊन माझ्याकडे आली होती. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं, हे तिचं पक्कं होतं. अकरावीत एसपी घेतलेलं. बारावीच्या मार्चमध्ये तिला कळलं, की या कोर्सला गणिताचा पेपर लागतो. फॉर्मवर तिने गणित निवडलं आणि फॉर्मने ते घेतलंही, कारण परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या २०२५ च्या नियमाप्रमाणे बारावीला विषय नसला तरी त्याचा पेपर देता येतो. घरचे निर्धास्त झाले. पोरीने बोर्डाची परीक्षा संपल्यापासून गणिताचा ध्यास घेतला, पेपरही बरा सोडवला. पण दिल्ली विद्यापीठ गुणवत्ता काढताना बारावीला उत्तीर्ण झालेल्या विषयांचेच पेपर धरतं. तिचं गणित मोजलंच गेलं नाही. वडील पुन्हा पुन्हा विचारत होते, "मॅडम, मग फॉर्ममध्ये घेतलं कशाला?" परीक्षा घेणारी संस्था वेगळी आणि प्रवेश देणारं विद्यापीठ वेगळं, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्या दुपारी मला फार वाईट वाटलं. मुलीचे कष्ट तसूभरही कमी नव्हते.

म्हणून आता अकरावीच्या पालकांना मी स्वतःहून गाठते. मुलाला कुठे शिकायचंय ते विचारते आणि त्या विद्यापीठाची पात्रतेची यादी त्यांच्यासमोर उघडते. आवडीचे विषय आधी आणि कोर्स नंतर, असा क्रम इथे चालत नाही. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच पेपर देता येतात, त्यामुळे उगाच घेतलेला एक पेपरही महागात पडतो. दिल्लीत इकॉनॉमिक्स ऑनर्सला एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय लागतात. बी.कॉम. ऑनर्सला एक भाषा, गणित किंवा अकाउंटन्सी आणि आणखी दोन. बीएमएसला भाषा, गणित आणि जनरल टेस्ट. ही यादी शेजारी शेजारी मांडली की लक्षात येतं, की इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, अकाउंटन्सी आणि जनरल टेस्ट या पाच पेपरांत तिन्ही दारं उघडी राहतात. गणित सोडलेल्या मुलाला त्यांतलं बी.कॉम.चं तेवढं उरतं. सायन्सच्या मुलांनी भाषेचा पेपर गंमत म्हणून देऊ नये. फिजिक्स ऑनर्ससारख्या कोर्सला भाषेत किमान ३० टक्के लागतात.

विषय ठरले, की बोर्डाचं पुस्तक आणि एनसीईआरटीचं पुस्तक एकत्र घेऊन बसावं. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीवर बेतलेला आहे आणि आपल्या मुलांना धक्का इथेच बसतो. माझ्याच विषयाचं बघा. मागणी, पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न दोन्हीकडे आहे. पण एनसीईआरटीत भारतीय अर्थव्यवस्थेच्या विकासावर एक आख्खं पुस्तक आहे, १९५० ते १९९० चा काळ, १९९१ च्या सुधारणा, चीन आणि पाकिस्तानशी तुलना, आणि ते आमच्या बारावीच्या वर्गात शिकवलंच जात नाही. बुक-कीपिंगमध्ये आपण हुंड्यांचं प्रकरण घोटतो, तिथे कर्जरोखे विचारतात. अशी तफावतीची यादी दिवाळीच्या सुट्टीत तयार झाली पाहिजे. बोर्डाच्या तोंडावर ती करायला कुणाला सवड नसते. पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. क्लासच्या जाडजूड नोट्स घेण्याआधी ही पुस्तकं मुळातून वाचावीत, असं माझं ठाम मत आहे.

गणिताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. २०२५ च्या पेपरात पहिले १५ प्रश्न सगळ्यांना समान होते. पुढचे ३५ शुद्ध गणिताचे किंवा उपयोजित गणिताचे, ज्याचं त्याने निवडायचे. आपल्या कॉमर्सच्या गणितात सदिश नाहीत, त्रिमितीय भूमिती नाही, म्हणजे शुद्ध गणिताचा भाग आपल्या मुलांना परका. उपयोजित भागात निर्देशांक, कालश्रेणी, रेषीय प्रायोजन, वित्तीय गणित येतं आणि त्यातलं बरंचसं त्यांनी वर्षभर केलेलं असतं. तरीही "खरं गणित" म्हणून शुद्ध गणिताकडे वळणारी मुलं दिसतात. त्यांना मी हात धरून थांबवते.

वेगाची सवय हा वेगळाच अभ्यास आहे. बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरला तीन तास असतात, खाती आखून, नोंदींचं स्पष्टीकरण देऊन मांडायची असतात. सीयूईटीत ६० मिनिटांत ५० प्रश्न, सगळे सक्तीचे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. भागीदाराच्या प्रवेशाचं गणित सव्वा मिनिटात सोडवायचं, तर नफा-तोटा प्रमाण तोंडी काढता आलं पाहिजे. माझी मुलं जानेवारीपर्यंत बोर्डाच्या पद्धतीने लिहितात, पण प्रत्येक प्रकरण संपलं की त्याच प्रकरणाचे पर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवतात. बोर्ड संपल्यावर एकदम वेग येत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. भाषेच्या १३ पेपरांत मराठी आहे, आणि बारावीला मराठी असेल तर इतिहास ऑनर्ससारख्या कोर्सला "एक भाषा" म्हणून ती चालते. इंग्रजीच्या भीतीने दिल्लीचा विचारच सोडून देणाऱ्या मुलांचे चेहरे हे ऐकून खुलतात. पुढे तीन-चार वर्षं शिकायचं मात्र इंग्रजी किंवा हिंदीतून, याची तयारी त्याच दिवसापासून सुरू करायची.

सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे दिल्ली विद्यापीठात अर्ज झाला, असंही नाही. तिथल्या सीएसएएस या प्रवेशप्रणालीची नोंदणी निराळी, शुल्क निराळं, कॉलेज आणि कोर्सचे पसंतीक्रम भरायचा टप्पा निराळा, आणि प्रत्येकाची मुदत निराळी. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी. पसंतीक्रम भरताना दहा-बारा नामांकित कॉलेजं टाकून थांबू नये. जिथे जायची तयारी आहे अशी शक्य तेवढी कॉलेजं, आवडीच्या क्रमाने, शेवटपर्यंत भरावीत.