छोट्या आगगाडीचे बिऱ्हाड

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बुटीबोरी हे जंक्शन आहे. उमरेडकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. सांधा बदलतो, सिग्नल हिरवा होतो आणि धडधडत आलेली गाडी मुख्य मार्ग सोडून डौलाने वळते. हे दृश्य पाहणाऱ्या पुष्कळ मुलांना वाटते, की असे एक स्थानक आपल्या घरी असावे आणि त्याचे सांधे आपल्या हातांनी बदलावेत. बहुतेकांची ही इच्छा वयाबरोबर मावळते. पण काहीजण ती आयुष्यभर जोपासतात. असे छंदिष्ट लोक रेल्वेची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार करतात. तिलाच लघुरेल्वे म्हणतात.

लघुरेल्वे हे नुसते खेळणे नव्हे. तिच्यात प्रत्येक वस्तू ठरावीक प्रमाणात लहान केलेली असते. एक अतिशय प्रचलित प्रमाण ८७ ला १ असे आहे. म्हणजे खऱ्या वस्तूची ८७ सेंटीमीटर लांबी तेथे एक सेंटीमीटर होते. या हिशेबाने सहा फूट उंचीचा माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा होतो. सहाशे मीटरांचा फलाट मात्र लहान करूनही सुमारे सात मीटर लांब राहतो. बुटीबोरी ते नागपूर हे अंतर तीस किलोमीटर धरले, तर त्याची प्रतिकृती सुमारे ३४५ मीटर लांब होईल! इतकी मोठी खोली कोणाच्या घरी असणार? म्हणून कारागीर अंतरे आखूड करतो, वळणे अधिक जवळ आणतो, आणि तरीही पाहणाऱ्याला सारे खरे वाटावे अशी योजना करतो. तथापि कितीही काटकसर केली, तरी लघुरेल्वेला प्रशस्त आणि स्थिर जागा लागतेच.

ही जागा बदलण्याची वेळ आली, की कारागिराची खरी कसोटी लागते. रूळ ज्या फळ्यांवर बसवलेले असतात, त्या फळ्या सुट्या कराव्या लागतात. खाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या तारा सोडवाव्या लागतात. कोणती तार कोणत्या सिग्नलची, हे आधी चिठ्ठी लावून नोंदवले नाही, तर पुढे दिवसचे दिवस शोधण्यात जातात. नव्या जागी फळ्या पुन्हा जोडताना दोन रुळांची टोके एका रेषेत यावी लागतात. त्यांत मिलिमीटरभर फरक राहिला, तरी डबा रुळावरून घसरतो. घरातील भांडीकुंडी हलवणे सोपे. पण रुळांचे बिऱ्हाड हलवणे मोठे जिकिरीचे!

या अडचणीचा अनुभव पुण्याच्या एका छंदिष्ट गृहस्थांनी पुरेपूर घेतला. त्यांचे नाव बी. एस. जोशी. लोक त्यांना भाऊ जोशी म्हणून ओळखत. लघुरेल्वेची आवड त्यांना लहानपणापासून होती. आपली रेल्वे चार लोकांनी पाहावी, या हेतूने त्यांनी प्रथम तात्पुरती प्रदर्शने भरवली. त्यासाठी सुटी करून नेता येईल, अशी रचनाही त्यांनी सिद्ध केली. परंतु प्रत्येक वेळी ती उचलावी, न्यावी, जोडावी आणि पुन्हा उकलावी, हे काम फार कष्टाचे होते. अखेरीस तिला कायमचे घर द्यावे, असा निश्चय त्यांनी केला. पुण्यातील कोथरूड भागात, कर्वे रस्त्यालगत, १ एप्रिल १९९८ रोजी त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. वाफेच्या इंजिनापासून अतिजलद गाडीपर्यंत नाना प्रकारच्या गाड्या तेथे एका चिमुकल्या नगरातून धावू लागल्या. वर्षानुवर्षे फिरतीवर असलेल्या छंदाला हक्काचा निवारा लाभला.

सगळ्यांच्याच वाट्याला असे स्थैर्य येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ हे लघुरेल्वे मंडळ स्थापन केले. त्यांचा संसार ‘इमारत क्रमांक २०’ मध्ये थाटलेला होता. ही लाकडी इमारत १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, रडारच्या संशोधनासाठी केवळ तात्पुरती म्हणून उभारली होती. मंडळात दोन प्रकारचे सभासद होते. काहींना इंजिने, डोंगर आणि घरे रंगवण्यात आनंद वाटे. काहीजण मात्र मेजाखाली शिरून दूरध्वनी यंत्रणेतील जुने सुटे भाग जोडत आणि गाड्यांचे नियंत्रण करणारी विद्युत्‌यंत्रणा रचत. एखादी नामी युक्ती साधली, की ते तिला ‘हॅक’ म्हणत. पुढे यांतीलच काही तरुण संगणकाकडे वळले आणि ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्याबरोबर संगणकाच्या जगात गेला. त्या काळी त्याचा अर्थ चोर असा नव्हता. कल्पक कारागीर असा होता.

१९९८ साली ती इमारत पाडण्यात आली. मंडळाला आपली जुनी जागा सोडावी लागली. अनेक वर्षांच्या श्रमांतून त्या खोलीत वाढलेली रचना आहे तशी उचलून नेणे शक्य नव्हते. सभासदांपुढे दोनच मार्ग होते: मंडळ बंद करावे, अथवा पहिल्या रुळापासून पुन्हा आरंभ करावा. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. दुसऱ्या इमारतीत नवे रूळ पडले, नवी नियंत्रणयंत्रणा उभी राहिली. त्या नव्या नगरात संस्थेच्याच एका उंच इमारतीची प्रतिकृती आहे. तिच्या खिडक्यांतील दिवे उघडमीट करून तिच्यावर चक्क ‘टेट्रिस’ हा खेळ खेळता येतो. विनोदबुद्धी आणि हातांतील कसब जुन्या इमारतीबरोबर जमीनदोस्त झाले नव्हते.

पुण्याच्या कारागिराने फिरत्या छंदाला घर मिळवून दिले. अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी घर गेल्यावर तो नव्याने उभा केला. फळ्या, तारा आणि रूळ जागोजागी बदलतात, झिजतात, कधी टाकूनही द्यावे लागतात. परंतु रूळ कसा जोडावा हे जाणणारे हात आणि ते दुसऱ्याला शिकवण्याची तयारी, एवढे सामान बरोबर असले, म्हणजे बिऱ्हाड कोठेही थाटता येते.

स्वाध्याय

१. लघुरेल्वेची जागा बदलताना कोणती काळजी घ्यावी लागते?
२. भाऊ जोशी यांनी आपल्या लघुरेल्वेला कायमचे घर देण्याचे का ठरवले?
३. ‘हॅकर’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता होता?
४. आपल्या शाळेच्या इमारतीची लांबी मोजा. ८७ ला १ या प्रमाणात तिची प्रतिकृती किती लांब होईल?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: जिकिरीचे, कसोटी लागणे, बिऱ्हाड थाटणे.