गोफणीची दोरी व गुंडा
(१ शमुवेल १७ : ३४-५०)

समुद्रपुराकडे ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावरून पांखरें हाकण्यास गोफण लागत असे. आतां ज्वारीचा पेरा कमी झाला आहे. तरी दाविदाचा धडा शिकविणारास तिची माहिती असावी असें आम्हांस वाटतें.

दोरी अंबाडीच्या किंवा तागाच्या वाखाची वळावी. सुताची हातास मऊ, पण लवकर झिजते. नायलॉनची तुटत नाहीं. परंतु ताण पडतांच लांबते व नेम चुकतो. जाड दोर बळकट खरा, पण तो फिरविण्यांतच हाताचें बळ खर्च होतें. करंगळीहून बारीक दोरी पुरे. पांखरांसाठीं लिंबाएवढें वाळलें ढेकूळही चालतें. मात्र सर्व गुंडे एका वजनाचे असावे, नाहींतर हाताचा अदमास दर खेपेस चुकतो. दाविदानें ओढ्यांतून पांच गुळगुळीत गोटे निवडून घेतले, हें येथें ध्यानांत घ्यावें.

कित्येक शिक्षक गोफणीस पोराचें खेळणें म्हणतात. तें खरें नव्हे. सन्हेरीबानें इ. स. पूर्वी ७०१ मध्यें लाखीश घेतलें, त्याचीं कोरीव चित्रें निनवेच्या राजवाड्यांत सांपडलीं. त्यांत धनुर्धरांमागें गोफणदार उभे आहेत. दाविदास शौलाच्या चिलखताची संवय नव्हती, गोफणीची होती; आणि तरीही युद्ध परमेश्वराचें, असें तो गोटा सोडण्यापूर्वींच बोलतो (वचन ४७). वर्गांत हीं दोन्ही सांगावीं.

मुलांस गोफण मोकळ्या रानांतच फिरवूं द्यावी, व चोहोंकडे कोणी नसावें. चुकून सुटलेला गुंडा मागेंही जातो.