ताई, यात तुमचा दोष नाही

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला दोघं हौसेनं जाता. डॉक्टर मध्येच बोलायचे थांबतात, मग म्हणतात, "बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, करून घेऊ." पुढचं काही कानात शिरत नाही.

ताई, त्या रात्री तुम्ही स्वतःचीच झडती घेत बसता. पपई खाल्ली का, ग्रहणात भाजी चिरली का, लोकलची दगदग नडली का? यातल्या कशानंही बाळाच्या हृदयाला भोक पडत नाही. हृदयाची मूळ घडण आठव्या आठवड्याच्या आसपास पुरी होते. तेव्हा पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. शंभरातल्या साधारण एका बाळाच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो आणि बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. मधुमेह किंवा एखाद्या औषधाची शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

बाबा, "काही होत नाही, टेन्शन घेऊ नकोस" हे तुम्ही मायेनंच म्हणता, पण ते ऐकून ती बोलायचीच थांबते. त्यापेक्षा "मलाही भीती वाटतेय" म्हणा. इकोच्या वेळी सोबत जा, डॉक्टरांकडून कागदावर हृदयाचं चित्र काढून घ्या आणि घरच्यांना तुम्हीच समजावून सांगा. आत्या, मावशी, काकू, प्रत्येकीला तीच हकिगत तिनं किती वेळा सांगायची?

लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल असेल तर जन्मताच औषध आणि पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशन लागतं, म्हणून बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरवा. पैशांची चिंता असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात.

काही दोष फार गंभीर असतात. गर्भ ठेवायचा का, हा प्रश्न उभा राहिला तर 24 आठवड्यांनंतर गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा फक्त तिचीच संमती मागतो, नवऱ्याची किंवा सासूची नाही. घरानंही तेवढा मान राखावा.

आणि डोहाळजेवण परस्पर रद्द करू नका. तिला विचारा. हवं म्हणाली तर हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं करा; नको म्हणाली तर आग्रह नको. झोप उडाली, रडू थांबेना, तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे रात्रीही फोन उचलतात आणि मराठीत बोलता येतं.