पद्मिनीला रुंद चाके बसवावीत का?

प्रश्न : जयपूरच्या एका वाचकाकडे पन्नाशी ओलांडलेली प्रीमियर पद्मिनी आहे. तिला रुंद अलॉय चाके चालतील का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : बसतील, पण आधी कागद पाहावेत.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट मात्र मूळ रूप टिकवण्याची आहे. राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबच्या जयपूरमधील प्रदर्शनात गाडी उभी करायची हौस असेल, तर चकचकीत अलॉय तिथे खटकतील. शिवाय निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता यंत्राचे. कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी ५.२० × १४ मापाच्या अरुंद टायरवर धावायची. मध्यरेषा तीच ठेवून रिम दोन इंचांनी रुंद केली, तर ती आत-बाहेर एकेक इंच सरकते. आत सस्पेन्शनला, बाहेर मडगार्डला घासण्याची भीती असते. ऑफसेट चुकला की बेअरिंगवर ताण येतो आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी गल्लीत वळवताना खांदे भरून येतात. स्पेसर लावून जागा करणे हा तर निव्वळ आगाऊपणा!

त्यापेक्षा मूळ रिमला साजेसा १५५/८० आर १४ रेडियल शोधावा. त्याचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरच्या जवळपास. त्यामुळे स्पीडोमीटर फारसा फसत नाही. बसवल्यावर चार माणसे बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहावे.