मते समसमान पडली तर काय करावे?

वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये 1:15-26; 6:1-6; नीतिसूत्रे 18:18

वर्षारंभी पुष्कळ मंडळ्यांतून पंचकमिटीची निवडणूक होत असते. चिटणीस, खजिनदार इत्यादी कामदार मताने निवडले जातात. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्या लहान. वीस-पंचवीस मते पडली म्हणजे सभा भरली म्हणावयाचे. अशा ठिकाणी दोन बंधूंस सारखीच मते पडणे सहज संभवते. मग कोणी म्हणतो, वयाने वडील त्याला द्या. कोणी म्हणतो, पाळकसाहेब सांगतील तो. सभा संपते, पण तंटा घरोघरी जातो.

या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली, ती उपदेशक बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या सभेत आम्ही अध्यक्षस्थानी होतो. खजिनदाराच्या जागेकरिता दोघे बंधू उभे होते व दोघांस अकरा अकरा मते पडली. आमचे मत त्यांत आलेलेच होते. तथापि अध्यक्षाला आणखी एक मत असते असे म्हणून आम्ही ते एका बंधूच्या पारड्यात टाकले. तसा नियम मंडळीच्या वहीत लिहिलेला नव्हता. निवडलेल्या बंधूने हिशेब चोख ठेवला. परंतु दुसऱ्या बंधूच्या घरची माणसे सात महिने प्रभुभोजनास आली नाहीत. पाळकाने आपला माणूस बसविला, असे ती म्हणत. त्यांस देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. शेवटी आम्ही त्यांच्या घरी जाऊन चूक पदरी घेतली, तेव्हा ती परत आली. निवडलेला मनुष्य वाईट नव्हता. निवडण्याची रीत वाईट होती.

आता शास्त्राकडे वळू. यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा सुमारे 120 जण जमले होते. प्रथम त्यांनी पात्रता ठरविली : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सोबत होता तोच या कामास योग्य. त्या कसोटीस योसेफ बर्सबा व मत्थिया असे दोघे उतरले. मग प्रार्थना झाली आणि सर्वांच्या शेवटी चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. हा क्रम ध्यानात धरावा. चिठ्ठी ही विचाराच्या ऐवजी आली नाही, विचार पुरा झाल्यावर आली. पुढे सात सेवक नेमावयाचे झाले तेव्हा चिठ्ठ्या टाकल्याचे लिहिले नाही. मंडळीनेच चांगल्या नावाची माणसे पाहून निवडली. यावरून मंडळीची निवड ही पहिली पायरी व चिठ्ठी ही शेवटची, असे आम्ही समजतो. योसेफाने कुरकुर केल्याचे शास्त्रात कोठेही नाही, हेही विसरू नये.

येथे कोणी शंका काढील की, चिठ्ठी काढणे म्हणजे देवळात कौल लावण्यासारखेच नव्हे काय? तसे नव्हे. कौल लावणारा आपल्या बऱ्यावाईटाचे भाकीत मागतो. आपण भाकीत मागत नाही. दोघेही योग्य आहेत असे मंडळीने सारख्या मतांनी आधीच सांगितलेले असते; कोणा माणसाचा हात त्यात राहू नये एवढ्यासाठी चिठ्ठी. चिठ्ठीने भांडण मिटते व बलवानांत निवाडा होतो, असे नीतिसूत्रांतील ज्ञानी सांगतो.

जगातील व्यवहारही पाहावा. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकन लष्करी इंजिनिअरावर 1863 साली न्यू बेडफर्ड येथील बॅप्टिस्ट मंडळीत एका सभेचे अध्यक्षपद आले, आणि ती सभा त्यास आवरता आली नाही. त्या फजितीतून तो सभेच्या नियमांचा अभ्यास करू लागला व 1876 साली त्याचे पुस्तक निघाले. त्याच्या पद्धतीप्रमाणे ठरावावर समान मते पडल्यास ठराव पडतो. निवडणुकीत मात्र पुन्हा मते घ्यावयाची असतात. अध्यक्षाने सर्वांबरोबर मत दिले असल्यास बरोबरी मोडण्यास त्याला दुसरे मत नाही. आमची चूक हीच होती.

परंतु फेरमतदानालाही मर्यादा हवी. अमेरिकेत 1800 सालच्या निवडणुकीत जेफर्सन व बर यांस 73-73 मते पडली आणि प्रतिनिधिसभेला 36 वेळा मते घ्यावी लागली. 17 फेब्रुवारी 1801 रोजी जेफर्सन निवडला गेला. आपल्या देशात लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 याच्या 65 व्या कलमाने असे ठरविले आहे की, मते समान असल्यास चिठ्ठी टाकावी व जिच्या नावाची निघेल त्या व्यक्तीस एक मत अधिक पडले असे समजावे. 2017 साली मुंबई महानगरपालिकेच्या 220 व्या प्रभागाचा निकालही चिठ्ठीनेच लागला.

तेव्हा ज्या मंडळीच्या वहीत या बाबतीत नियम नसेल, तिने पुढील क्रम ठरवून घ्यावा :

1. दोन्ही बाजूंचा एकेक मनुष्य समोर बसवून मते पुन्हा मोजावी.

2. दोघांपैकी कोणी आपखुशीने माघार घेतो काय, हे एकदाच विचारावे. आग्रह करू नये.

3. प्रार्थना करून गुप्त रीतीने पुन्हा मते घ्यावी. फार तर दोन वेळा.

4. तरीही बरोबरी राहिल्यास सारख्या कागदाच्या, सारख्या घडीच्या दोन चिठ्ठ्या सर्वांदेखत लोट्यात घालून लहान मुलाकडून एक काढवावी.

5. निकाल वहीत लिहून दोघांच्याही सह्या घ्याव्या.

मुख्य गोष्ट ही की, हा नियम मते पडण्यापूर्वी ठरावा. मते मोजल्यानंतर केलेला नियम कितीही चांगला असला तरी तो कोणाच्या तरी बाजूचा दिसतो. कोणाची चिठ्ठी निघेल हे ठाऊक नसताना दोघांनी मान्य केलेला नियम दोघांचाही असतो. मग ज्याची चिठ्ठी निघाली नाही तोही मान खाली न घालता शेजारी बसून प्रभुभोजन घेऊ शकतो. खजिनदार वर्षाला बदलतो. दुखावलेला बंधू परत आणावयास फार वेळ लागतो.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :

1. चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी प्रेषितांनी कोणत्या दोन गोष्टी केल्या?

2. कौल व चिठ्ठी यांत भेद कोणता?

3. आपल्या मंडळीच्या वहीत समान मतांविषयी काय लिहिले आहे? नसल्यास येत्या सभेत तो विषय कोण मांडील?