इसहाकाच्या विहिरी व आमचे तलाव
(अभ्यासपाठ : उत्पत्ति २६ : १२–२२)

इसहाकाने गरारात पेरणी केली, तेव्हा देवाने त्यास शंभरपट पीक दिले. परंतु त्याच्या बापाच्या दिवसांतील विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाक विलाप करीत बसला नाही. त्याने त्या पुन्हा उकरल्या.

भंडारा जिल्ह्यातील मंडळ्यांस हा वृत्तांत परका वाटू नये. आमच्या ह्या तलावांच्या प्रदेशात कोहळी लोकांनी पाळी घालून पाणी अडविले व धानाच्या बांध्या भिजविल्या. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दुरुस्तीअभावी पुष्कळांत गाळ साचला. आमची बुजलेली विहीर ती हीच.

ती उकरण्यास साहाय्य आहे. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढिली. तलावाचा गाळ शेतात पडला म्हणजे तलावात पाणी वाढते व जमीन कसदार होते. अल्प व अत्यल्प भूधारकांस गाळ नेऊन पसरण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान देण्याचे २०२३ साली ठरले. ह्याची चौकशी प्रथम ग्रामपंचायतीत करावी.

आता कर्जाविषयी. ऋणको हा धनकोचा दास होतो, असे नीतिसूत्रांचा कर्ता शिकवितो (२२ : ७). तस्मात् सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी सेवा सहकारी संस्थेच्या गटसचिवास किंवा बँकेस विचारावे. १९९८ साली निघालेल्या किसान क्रेडिट कार्डावर ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज शेकडा ७ दराने मिळते. मुदतीत फेडणाऱ्यास त्यात शेकडा ३ सूट आहे. उरलेल्या व्याजासाठी आमच्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. परंतु मुदत चुकली की सवलत गेली. म्हणून बियाण्याचा पैसा लग्नाच्या मांडवात खर्च करणे म्हणजे आपल्याच हातांनी विहीर बुजविणे होय.

कित्येकांचे दार सरकारने नव्हे, तर त्यांच्या सातबाऱ्याने बंद केले आहे. आजोबा प्रभूजवळ जाऊन वीस वर्षे लोटली, तरी जमीन त्यांच्याच नावे! अशांनी तलाठ्याकडे, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसनोंदीचा अर्ज करावा. भाऊबंदांत तंटा असल्यास इसहाकाकडे पाहावे. दोन विहिरींवर भांडण झाले, तेव्हा त्याने पुढे जाऊन तिसरी खणली, आणि तेथे देवाने त्यास ऐसपैस जागा दिली. जे ठेक्याने अथवा बटईने जमीन कसतात, त्यांनी संयुक्त देयता गटाच्या कर्जाविषयी बँकेत विचारावे.

उपदेशकबंधूंनो, ज्यास वाचता येत नाही त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जाणे हीही सेवाच आहे. अंगठा उठविण्यापूर्वी कागद त्यास मोठ्याने वाचून दाखवा.

मननासाठी प्रश्न : (१) आमच्या गावची बुजलेली विहीर कोणती? (२) आमच्या मंडळीत कोणाचा सातबारा अद्याप मृताच्या नावे आहे? (३) येत्या आठवड्यात त्याच्याबरोबर कोण जाईल?