हर्मनेसची प्रदक्षिणा

ब्रिटनचा नकाशा उघडून पहा. कित्येक नकाशांत वरच्या कोपऱ्यांत एक लहानशी चौकट असते व तींत कांहीं बेटें कोंडलेलीं दिसतात. तीं शेटलंडचीं बेटें होत. तीं इतकीं उत्तरेस आहेत कीं कागदावर मावत नाहींत. म्हणून नकाशाकारांनीं आपल्या सोयीनें त्यांना खालीं ओढून आणिलें. अखेर २०१८ सालीं स्कॉटलंडमध्यें कायदा झाला, आणि सरकारी खात्यांनीं शेटलंड त्याच्या खऱ्या जागींच दाखवावें असें ठरलें. आपणही तें तेथेंच शोधूं.

अॅबर्डीन बंदरांतून सायंकाळीं सुटलेली बोट दुसऱ्या दिवशीं सकाळीं लर्विक येथें पोहोंचते. तेथून उत्तरेस जातांना दोन ठिकाणीं तरीनें पाणी ओलांडावें लागतें, आणि मग अन्स्ट बेट लागतें. ब्रिटनमध्यें मनुष्यवस्ती असलेलें सर्वांत उत्तरेकडील बेट तें हेंच. याच्या वायव्येस हर्मनेस नांवाचें भूशिर असून १९५५ पासून तें राष्ट्रीय निसर्ग-राखीव क्षेत्र आहे. बरा फर्थ या खाडीच्या कांठीं निघावें, माळ ओलांडून पश्चिमेचे कडे पहावे आणि हर्मनेस टेकडीवरून परत यावें, अशी ही सुमारें नऊ किलोमीटरांची जुनी प्रदक्षिणा आहे. अंतर फारसें नाहीं. परंतु तीन-चार तास हाताशीं असावे.

निघतांना पहिला प्रश्न असा मनांत येतो कीं, येथें झाड कां नाहीं? वारा हें त्याचें एक कारण. खाडीपलीकडील सॅक्सा व्होर्ड टेकडीवर फेब्रुवारी १९६२ मध्यें ताशीं १७७ मैल वेगाचा झोत नोंदला गेला होता. त्यांत समुद्राचा खार, मेंढरांचें चरणें व पूर्वींच्या मनुष्यांची कुऱ्हाड यांची भर पडली. आपल्या कोंकणांतील सडाही असाच उघडा असतो. पण त्याच्या खालीं जांभा दगड असतो, आणि येथें पायाखालीं पाण्यानें भरलेला स्पंज असतो म्हटलें तरी चालेल.

या स्पंजाची घडण समजून घेण्याजोगी आहे. स्फॅग्नम नांवाचें शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपटींपर्यंत पाणी धरून ठेवतें. त्या साचलेल्या, आंबट पाण्यांत हवा पोहोंचत नाहीं. त्यामुळें मेलेलीं रोपटीं पुरतीं कुजत नाहींत व थरावर थर चढत जातो. यालाच पीट म्हणतात. वाढ वर्षाला सुमारें एक मिलिमीटर! म्हणजे एक मीटर जाडीच्या थराच्या तळाशीं हजारएक वर्षांपूर्वींचें गवत पडलेलें असतें. बेटावर लांकूड नसल्यामुळें लोकांनीं पिढ्यान् पिढ्या हेंच पीट कापून, वाळवून चुलींत जाळलें.

अशा जमिनीवरून शेंकडों पावलें गेलीं तर शेवाळ फाटतें, काळा चिखल उघडा पडतो आणि पाऊस तो वाहून नेतो. म्हणून माळावर लांकडी फळ्यांची वाट घातली आहे. फळीवरून खालीं वांकून पहा: कापसाच्या बोंडासारखे पांढरे झुबके डोलत असतात, आणि त्यांच्या पायथ्याशीं तांबूस केंसांचें एक इवलेसें रोप दिसतें. केंसाच्या टोंकांवरील चिकट थेंबांवर चिलट बसलें कीं तेथेंच अडकतें, कारण या निःसत्त्व मातींत नायट्रोजन मिळत नाहीं, तो रोपाला किड्यांपासून मिळवावा लागतो. याचे भाऊबंद साताऱ्याजवळील कास पठारावरही आहेत; आपण त्यांस दवबिंदू म्हणतों.

आतां कडे. येथें मात्र पाऊल जपून टाकावें. ओलें गवत कड्याच्या अगदीं ओठापर्यंत गेलेलें आहे आणि खालीं सरळ समुद्र. पाहण्यापूर्वीं नाकाला कळतें! हजारों गॅनेट पक्षी सुळक्यांवर इतके दाटीनें बसतात कीं खडक चुना फांसल्यासारखा पांढरा दिसतो. पंख पसरला कीं हा पक्षी जवळजवळ दोन मीटर भरतो. मासा दिसतांच तो उंचावरून बाणासारखा पाण्यांत शिरतो. तो आघात सोसावा म्हणून त्याच्या कातडीखालीं हवेच्या पिशव्या आहेत व बाहेरून नाकपुड्याच नाहींत. गवताच्या उतारावर बिळें करून राहणारा, रंगीत चोंचीचा पफिन मुलांना अधिक आवडेल, हें मी जाणतों.

कड्यांच्या टोंकावरून मकल फ्लगा हा खडक व त्यावरील दीपगृह दिसतें. १८५४ सालीं क्रिमियाच्या युद्धांत आरमारास या बाजूला दिवा हवा होता, म्हणून घाईनें तात्पुरतें दीपगृह उभारून त्याच वर्षाच्या ११ ऑक्टोबरला दिवा लावला. खडक सुमारें साठ मीटर उंच. तरीही त्या हिवाळ्यांत लाटा माथ्यावर आदळून रखवालदारांच्या खोलींत पाणी शिरलें. मग डेव्हिड व थॉमस स्टीव्हन्सन या बंधूंनीं पक्कें दीपगृह बांधिलें. तें १ जानेवारी १८५८ रोजीं उजळलें. थॉमसचा मुलगा रॉबर्ट लुई १८६९ सालीं येथें आला होता. पुढें त्यानें ‘ट्रेझर आयलंड’ लिहिलें. १९९५ पासून दिवा आपोआप चालतो; रखवालदार राहिले नाहींत. पलीकडे आउट स्टॅक नांवाचा एक उघडा खडक आहे, आणि त्यापुढें ब्रिटनची जमीन संपते.

येथील जुनी कथा अशी कीं, हर्मा व सॅक्सा हे दोन राक्षस खाडीच्या दोन बाजूंस राहत व एकमेकांवर दगड भिरकावीत. दोघेही एका जलकन्येवर भाळले. ती म्हणाली, जो माझ्यामागून उत्तर ध्रुवापर्यंत पोहत येईल त्याला मी वरीन. दोघांनींही उड्या टाकल्या. पोहतां मात्र कोणालाच येत नव्हतें.

परतीची वाट टेकडीवरून जाते, आणि तेथें स्कुआ भेटतो. शेटलंडचे लोक त्यास ‘बॉन्क्सी’ म्हणतात. हा तपकिरी, धिप्पाड पक्षी गॅनेटचा पंख धरून त्याला खालीं खेंचतो व गिळलेला मासा ओकावयास लावतो. पिलें जमिनीवर असल्यामुळें मनुष्यावरही तो डोक्याच्या रोखानें झेंप घेतो. अशा वेळीं काठी डोक्यावर उभी धरावी, तो काठीच्या टोंकावरून निघून जातो. ती उगारूं नये, कारण घर त्याचें आहे आणि वाटसरू आपण.

हा लुटारू एके काळीं येथून नाहींसाच होणार होता. संग्राहक अंडीं व कातडीं नेत. मोजकींच जोडपीं उरलीं. तेव्हां १८३१ च्या सुमारास जमिनीचे मालक एडमन्स्टन यांनीं त्यांना संरक्षण दिलें, आणि त्या घराण्यानें पुढेंही तें चालविलें. तीं वाढत वाढत शेंकडों झालीं. जगांतील स्कुआंपैकीं निम्म्याहून अधिक पक्षी स्कॉटलंडांत वीण घालीत असत.

मग २०२१ च्या उन्हाळ्यांत बर्ड फ्लू आला, व २०२२ मध्यें त्यानें कहर केला. पुढील मोजणींत ब्रिटनमधील स्कुआंची संख्या सुमारें तीन-चतुर्थांशानें घटलेली आढळली. गॅनेटही मेले. बास रॉक येथें जे वांचले, त्यांतील कित्येकांची निळसर बुबुळें काळीं झालेलीं दिसलीं. स्कुआची सवय अशी कीं तो माळावरील एकाच उंचवट्यावर वर्षानुवर्षें पहाऱ्यास बसतो, आणि त्याच्या विष्ठेच्या खतामुळें तेवढीच जागा तपकिरी माळांत हिरवीगार होते. टेकडी उतरतांना असे हिरवे उंचवटे आजही दुरून मोजतां येतात. कांहींवर पक्षी उभा असतो. बाकीच्यांवर नुसतें गवत.